तीन लिप्या, एक अंगठा

रामेश्वराचा कौल झाला की आमचं आचरं पळतं. गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री, अंथरुणाला खिळलेली म्हातारी, पाळण्यातलं पोर, सगळ्यांना घेऊन माणसं वेशीबाहेर पडतात आणि तीन दिवस, तीन रात्री गाव रिकामं ठेवतात. तीनचार वर्षांनी येणारी ही गावपळण. कौल ग्रामदैवताचा, पण पळताना कोण कुठल्या देवाचं हे कोणी विचारत नाही. आम्ही मुसलमान निघायचो, ख्रिस्ती शेजारी निघायचे. लोक तांदूळ, सुकी मासळी, टोप, वाकळा घेऊन निघत. माझी नानी याखेरीज एक पत्र्याची पेटी काखेत मारायची. वाटेत ती कोणाच्या हाती द्यायची नाही.

वेशीबाहेर नारळाच्या झापांच्या झोपड्या उभ्या राहत. ओटीवर पुरुष आणि माजघरात बायका ही वाटणी झोपडीत जमत नाही. रात्री एकाच शेकोटीभोवती सगळे बसत, आणि एरवी घरात दबक्या आवाजात होणाऱ्या गोष्टी तिथे मोकळेपणी होत. मी आठनऊ वर्षांची असेन. त्या रात्री मी खालाची गोष्ट पहिल्यांदा सलग ऐकली. खाला म्हणजे नानीची धाकटी बहीण. सगळं घर तिला खालाच म्हणायचं. ती शेकोटीपासून जरा लांब, काथ्या वळत बसली होती. सुंभाचा पीळ तिच्या मांडीवर फिरत होता आणि गोष्ट मात्र नानी सांगत होती, खाला जणू तिथे नाहीच.

खालाचा निकाह १९४९ सालचा. ती सोळा वर्षांची होती. दोन वर्षांनी नवरा मुंबईला निघाला. तेव्हा मालवण बंदरात आगबोट लांब उभी राहायची आणि किनाऱ्यावरून तिथवर पडाव न्यायचा. गुडघाभर पाण्यात उभं राहून खालाने त्याची वळकटी पडावात दिली. मुंबईहून तो जहाजावर खलाशी म्हणून चढला. एक पत्र बसऱ्याहून आलं, त्यात खुशाली होती आणि पैसे पाठवतो असं होतं. पुढे पैसे आले नाहीत आणि पत्रही नाही. कोणी म्हणे कराचीला दुसरं घर केलं, कोणी म्हणे डर्बनला दुकान टाकलं. मेल्याची खबर असती तर खाला इद्दत, म्हणजे दुसऱ्या निकाहाआधी थांबायची मुदत, पाळून मोकळी झाली असती. तलाक लिहून आला असता तरी एक वाट झाली असती. ती ना विधवा झाली, ना तलाकशुदा, ना सवाष्ण म्हणून कोणी तिला लग्नघरात पुढे बोलावलं.

नानी निखारे सारत म्हणाली, "पळालेलो गाव तीन दिसांनी परत येता गो. पळालेलो घोव येवक नाय."

सगळे हसले. खालाही हसली. तिचा हात मात्र थांबला नव्हता.

त्या वेळी तिथे बसलेल्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं, की खालाच्या गोष्टीचं उत्तर तिच्या निकाहाच्या दहा वर्षं आधीच छापून झालं होतं. १७ मार्च १९३९ रोजी मुस्लिम विवाह विच्छेद कायदा अमलात आला. नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा नसेल तर बाई कोर्टात जाऊन निकाह मोडून घेऊ शकते. त्याने दोन वर्षं पोटापाण्याचं पाहिलं नाही, एवढंही कारण पुरतं. तो सात वर्षांच्या कैदेत गेला, तीन वर्षं संसाराची जबाबदारी टाळली, छळ केला, तरी तिला वाट आहे. बेपत्ता नवऱ्याच्या बाबतीत हुकूमनामा सहा महिन्यांनी लागू होतो, तेवढ्यात तो परत आला आणि संसाराला तयार असला तर प्रश्न मिटला. खालाचा हिशेब केला तर १९५५ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ती सुटली असती.

हा कायदा कोणी वरून लादलेला नव्हता. त्याच्यामागची हकीकत मला पुष्कळ उशिरा कळली. हिंदुस्थानातले बहुतेक मुसलमान हनफी पंथाचे. जुन्या हनफी मताप्रमाणे नवरा बेपत्ता झाला तर त्याच्या जन्माला नव्वद वर्षं होईपर्यंत बाईने वाट पाहायची. या कोंडीतून सुटण्यासाठी पंजाबात काही बायकांनी धर्मच सोडला, कारण धर्म सोडला की निकाह आपोआप तुटतो असं कोर्ट मानत होतं. उलेमा हादरले. देवबंदी परंपरेतले मौलाना अशरफ अली थानवी यांनी मालिकी पंथाच्या मताचा आधार शोधला. त्यात चार वर्षांची मुदत होती. काझी मुहम्मद अहमद काझमी यांनी केंद्रीय कायदेमंडळात विधेयक आणलं. म्हणजे मौलवींनी, वकिलांनी आणि आमदारांनी मिळून बायकांसाठी दार केलं, आणि त्या दाराकडे ढकलण्याचं काम त्या नावगाव नसलेल्या पंजाबी बायकांनी केलं. आम्ही किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान तर हनफीही नाही. अरबी गलबतांबरोबर आलेला शाफई पंथ आमचा. पण कायदा लिहिताना पंथ पाहिला नव्हता. तो मुसलमान बाई म्हणून खालाचाच होता.

दिल्लीत झालेली गोष्ट आचऱ्याला मात्र पोचली नाही. मुंबईचा बाजारभाव बोटीबरोबर यायचा, बसऱ्याच्या खजुराची चर्चा व्हायची, कायद्याला तेवढा पडाव मिळाला नाही.

खालाच्या आयुष्यात दुसरा कागद १९५८ साली आला. पणनाना, म्हणजे नानीचे आणि खालाचे वडील, गेले. मागे माड, चार हापूसची कलमं, थोडं भातशेत. दोन भाऊ, दोन बहिणी. शरीयतचा हिशेब सरळ आहे. मुलाला दोन वाटे तर मुलीला एक, म्हणून सहा वाट्यांतला एकेक नानीचा आणि खालाचा. थोरल्या मामांनी, म्हणजे माझ्या आईच्या मामांनी, दोघी बहिणींना तालुक्याला नेलं, चहा-भजी खायला घातली, एका स्टँपपेपरवर अंगठे घेतले आणि येताना दोघींना एकेक लुगडं घेऊन दिलं. त्या कागदाला हक्कसोड म्हणतात हे शब्द म्हणून नानीला माहीत होतं. त्याचा अर्थ ती 'भावांचा मान ठेवला' असा सांगायची. हक्क सोडला नाही तर माहेर सुटतं, ही भीती त्या अंगठ्याच्या शाईत मिसळलेली असते.

गावपळणीत शेजारच्या झोपडीत एक ब्राह्मण काकू असायच्या. हक्कसोडीचा विषय निघाला तेव्हा पलीकडून त्यांचा आवाज आला, "आमचां पण तांच गो." हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा २००५ साली मिळाला, पण लुगडं घेऊन अंगठा देण्याचा रिवाज आजही कोकणात जातधर्म पाहत नाही. मुसलमान मुलीला भावाच्या अर्धं मिळतं यावर सभांमधून मोठे वाद होतात. आमच्या किनाऱ्यावर तो अर्धाही तिच्या हाती येत नाही, आणि त्यावर कोणी सभा घेत नाही.

१९३७ चा शरीयत कायदा याच कारणासाठी झाला होता. रूढीच्या नावाखाली मुलींना वारसा नाकारला जात होता, तेव्हा रूढी बाजूला ठेवून शरीयत लावा, अशी त्यामागची भूमिका. पण शेतजमीन हा त्या काळी प्रांतांचा विषय, म्हणून कायद्यातून ती वगळली गेली. ज्या देशात मिळकत म्हणजे मुख्यतः जमीन, तिथे नेमकी तीच बाहेर राहिली. आमच्याकडे पुढे मुलींची नावं सातबाऱ्यावर आली तरी कितीदा 'इतर हक्क' या रकान्यात. शब्द तरी बघा. हक्क आहे, पण इतर.

मी शाळेत असताना सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता. १ मे १९८१ पर्यंत आम्ही रत्नागिरीचेच. म्हणून हमीद दलवाई हे नाव आमच्या घरात 'आपल्या जिल्ह्याचा माणूस' असं घेतलं जाई, आणि लगेच आवाज खाली येई. चिपळूणजवळचं मिरजोळी हे त्यांचं गाव. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुसलमान बायकांना घेऊन त्यांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला. तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा, सर्वांना एक कायदा करा, ही मागणी. सातच बायका. एका पडावात मावतील एवढ्या. माझे आजोबा तेव्हा मुंबईत गोदीत कामाला होते. ते सांगत की चाळीत त्या दिवशी या सात जणींवर जेवढी चर्चा झाली तेवढी संपावरही झाली नव्हती. बहुतेक शिव्याच. पण रात्री एका खोलीतून एक बाई दुसरीला विचारताना त्यांनी ऐकलं होतं, "त्या सात जणी घरी परत गेल्या का गं नीट?"

२२ मार्च १९७० ला पुण्यात दलवाईंनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. १९७१ साली पुण्यातच मुस्लिम महिलांची परिषद भरली आणि बायका व्यासपीठावरून आपापली हकीकत सांगू लागल्या. दलवाई १९७७ साली, अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले. त्यांच्याबरोबरचे सय्यदभाई पुण्यात पेन्सिलीच्या कारखान्यात काम करणारे. त्यांच्या बहिणीला तलाक मिळाला आणि ते विचारत सुटले, की तिचा गुन्हा काय? ही विचारपूस त्यांनी जन्मभर थांबवली नाही. त्यांच्या आत्मकथनाचं नाव 'दगडावरची पेरणी'. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. दलवाईंच्या पत्नी मेहरुन्निसा यांनीही मंडळाचं काम पुढे चालवलं आणि 'मी भरून पावले आहे' हे आत्मकथन लिहिलं. या सगळ्यांशी आमच्या घराचं पटलं असं मी म्हणणार नाही. दलवाईंचा परखडपणा नानीला झेपला नसता. पण तलाक, मेहर, पोटगी हे शब्द मराठीतून, भर चौकात उच्चारता येतात, हे त्यांनी करून दाखवलं.

मग शाहबानो आली. इंदूरची बासष्ट वर्षांची बाई, नवरा वकील, त्रेचाळीस वर्षांच्या संसारानंतर घराबाहेर काढलेली. खालच्या कोर्टाने महिना २५ रुपये पोटगी दिली होती, हायकोर्टाने ती १७९ रुपये २० पैसे केली. नवरा सुप्रीम कोर्टात गेला आणि २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने त्याचं अपील फेटाळलं. मी तेव्हा कॉलेजात होते. १७९ रुपये २० पैशांवरून देश पेटू शकतो हे मी वर्तमानपत्रात वाचत होते. त्याच वर्षी सत्यशोधक मंडळाने कोल्हापूरहून नागपूरकडे तलाकमुक्ती मोर्चा काढला, त्याला जागोजाग विरोध झाला. पुढच्या वर्षी संसदेने नवा कायदा करून निकालाची धार काढली. नवऱ्याची जबाबदारी इद्दतीच्या काळापुरती, असा त्याचा अर्थ लावला जाऊ लागला.

त्या गदारोळानंतरच्या गावपळणीत पेटी उघडली. निमित्त माझ्या मामीचं. मामी रत्नागिरीकडची, उर्दू शाळेत शिकवणारी. आमच्या घरात कुराण अरबीत वाचता येणाऱ्या बायका होत्या, पण उर्दूचा मजकूर समजून वाचणारी ती पहिलीच. शेकोटीपाशी शाहबानोचा विषय चालला होता. मामीने सहज विचारलं, "खाला, तुमचा निकाहनामा आहे का?" नानीने पेटी पुढे सरकवली. इतकी वर्षं ती पेटी ती कोणासाठी सांभाळत होती हे मला त्या क्षणी कळलं. वर खालाचा हिरवा दुपट्टा होता, खाली कापडात गुंडाळलेला कागद, घडीवर फाटलेला.

मामीने कंदिलाजवळ कागद धरला. बराच वेळ एका ओळीवर बोट ठेवून ती गप्प राहिली. मग म्हणाली, "ह्यात ऐन आहे."

आम्ही कोणी काही समजलो नाही. मग तिने कोळशाने फळकुटावर दोन शब्द काढून दाखवले. मेहर, म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायची कबूल केलेली रक्कम, दोन प्रकारचा असतो. एक मागेल त्या क्षणी द्यायचा. दुसरा पुढे, तलाक झाला किंवा नवरा वारला म्हणजे द्यायचा. उर्दूत पहिला शब्द ऐन घालून लिहितात, दुसरा वाववर हम्जा देऊन. अक्षर निराळं, अर्थ उलटा, पण आपल्या तोंडून दोन्ही 'मुअज्जल' असेच निघतात. देवनागरीत लिहिले तरी फरक दिसत नाही. खालाच्या निकाहाला काजींनी भर सभेत 'मुअज्जल' म्हटलं असणार, सगळ्यांनी माना डोलावल्या असणार, आणि कुठला मुअज्जल हे विचारायचं कोणाच्या मनात आलं नसणार. खालाचा ऐनाचा होता. सव्वाशे रुपये. १९४९ साली त्यात तोळाभर सोनं आलं असतं. निकाहाच्या रात्रीपासून ते पैसे तिचे होते. नवरा पडावात चढत होता तेव्हा तो तिचा ऋणको होता, आणि ती त्याची वळकटी उचलून देत होती.

माझ्या हातात कॉलेजच्या ग्रंथालयातून आणलेलं कायद्याचं एक पुस्तक होतं, इंग्रजी. मी १९३९ चा कायदा काढून चार वर्षांचं कलम मराठीत सांगितलं. खालाने सुंभ खाली ठेवला. ती तेव्हा त्रेपन्न वर्षांची होती.

"चार वर्सां?" तिने विचारलं. "माका कोणी सांगूक नाय."

ती रडली नाही, चिडलीही नाही. तिने कागद परत मागितला आणि उलटसुलट करून पाहिला. खालच्या कोपऱ्यात तिचा अंगठा होता, सोळा वर्षांच्या मुलीचा, लहानसा. "माझो कागद, पण वाचतलो दुसरो," ती म्हणाली.

त्या वाक्याभोवती मी पुढची पस्तीस-चाळीस वर्षं फिरते आहे. खाला बोलायची मालवणी, जिला आमच्या कुठल्याही कागदावर जागा नाही. तिचा निकाह उर्दूत लिहिलेला. तिचा कायदा इंग्रजीत छापलेला. तिच्या बापाच्या जमिनीवरची हक्कसोड मराठीत. तीन लिप्या आणि तिन्हींच्या वाट्याला तिचा एकच अंगठा. ती अडाणी होती असं म्हणणं सोपं आहे. पण त्या काळच्या आमच्या घरातला एकही पुरुष तिन्ही कागद वाचू शकत नव्हता. फरक एवढाच की न वाचता येण्याची किंमत पुरुषाला द्यावी लागत नव्हती.

नानीच्या मावसबहिणीची मुलगी गोव्यात, डिचोलीला दिलेली. आम्ही तिला डिचोलीची आपा म्हणायचो. तेरेखोलची नदी ओलांडली की कायदा बदलतो हे मला तिच्यामुळे कळलं. गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता. १९६१ च्या मुक्तीनंतरही ती भारत सरकारने तशीच चालू ठेवली. शरीयत कायदा तिथे लागू झाला नाही. आपाच्या निकाहाआधी नवरा-नवरीला सरकारी कचेरीत दोनदा सही करावी लागली, पहिली सही आणि मग काही दिवसांनी दुसरी. दुसरी बायको नाही, तोंडी तलाक नाही. वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मिळकत सामाईक, निम्मी तिची. मुलांना वारशातून पुरतं बेदखल करता येत नाही आणि मुलगी-मुलगा वाटा सारखा. आपाच्या नवऱ्याने एकदा रस्त्यालगतचा तुकडा विकायचं ठरवलं, गिऱ्हाईक आलं, विसार झाला, आणि रजिस्ट्रारने विचारलं, बायको कुठे आहे? तिची सही नसेल तर व्यवहार होणार नाही. आपा महिनाभर अडून बसली. शेवटी त्या पैशातून मुलीच्या नावावर रक्कम ठेवल्यावरच तिने सही केली. अलीकडच्या आरोंद्याहून पलीकडच्या किरणपाणीला जायला तेव्हा होडीने काही मिनिटं लागत. त्या पाण्याच्या अलीकडे खालाच्या अंगठ्याने जमीन गेली आणि पलीकडे आपाच्या सहीवाचून जमीन जाईना.

गोव्याचा कायदा म्हणजे स्वर्ग नव्हे. त्यातही पोर्तुगीज काळापासून चर्चच्या लग्नांना वेगळी वागणूक होती, हिंदूंच्या रूढींना वेगळ्या सवलती होत्या. पण आपाच्या बाबतीत एक गोष्ट चोख होती. व्यवहाराच्या आधी तिला विचारावंच लागे. समान नागरी कायद्यावर टीव्हीवर भांडणं सुरू झाली की मला ना या बाजूचा वक्ता आठवतो ना त्या. मला 'बायको कुठे आहे?' असं विचारणारा तो डिचोलीचा रजिस्ट्रार आठवतो.

इकडे अलीकडच्या तीरावरही कोर्टांनी हळूहळू वाट मोकळी केली. २००१ साली दानियल लतिफी खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९८६ च्या कायद्याचा अर्थ लावला, की इद्दतीच्या मुदतीत नवऱ्याने बाईच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद करून द्यायची. मुदत इद्दतीची आहे, तरतूद आयुष्याची. हे लतिफी म्हणजे शाहबानोचेच वकील. २००२ साली मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात, दगडू पठाण खटल्यात, पूर्णपीठाने सांगितलं की 'मी तलाक दिला' एवढं कोर्टात म्हणून भागत नाही. कारण काय होतं, दोन्हीकडच्या लोकांनी समेटाचा प्रयत्न केला का, हे सिद्ध करावं लागेल. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सुप्रीम कोर्टाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला. २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला, तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आली. तोंडी, लेखी, मोबाइलवरचा, सगळाच. आणि १० जुलै २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने पुन्हा स्पष्ट केलं, की तलाकशुदा मुसलमान बाईलाही सर्वांसाठी असलेल्या फौजदारी कलमाखाली पोटगी मागता येते. हे जुनं १२५ कलम, आता नव्या संहितेत १४४ वं. शाहबानोने मागितलं होतं ते एवढंच. ३९ वर्षांनी तेच वाक्य परत म्हणावं लागलं.

खाला हे सगळं बघायला नव्हती. ती २००३ साली गेली. शेवटपर्यंत काथ्या वळून स्वतःचं पोट तिने स्वतः भरलं. जाण्याआधी पेटी माझ्याकडे आली.

मी शाळेतून निवृत्त झाले तशी शुक्रवारी दुपारी आमच्या पडवीत चार खुर्च्या मांडून बसते. पाटी नाही, संस्था नाही. बायका कागद घेऊन येतात आणि आम्ही तो वाचतो. पहिल्यांदा मालवणीत, मग हवं तर पुन्हा एकदा. आमच्या जिल्ह्यात मुसलमान शंभरात जेमतेम तीन, पण माझ्या पडवीत येणाऱ्यांत निम्म्या हिंदू असतात. शेजारच्या झोपडीतल्या काकूंचं 'आमचां पण तांच' मी विसरलेली नाही.

काही वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या एका गावची मुलगी आली. नवरा आखातात. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर तीन वेळा तोच शब्द पाठवला होता, मध्ये एक ठिपकासुद्धा न देता. तिचा भाऊ संतापला होता, जेल दाखवा म्हणाला. मुलगी गप्प. भाऊ पाणी प्यायला आत गेला तेव्हा ती म्हणाली, "त्याका जेल झाली तर पोरांची फी कोण भरतलो?" हा प्रश्न २०१९ च्या कायद्याबद्दल मोठमोठ्या वकिलांनी आणि बायकांच्या संघटनांनीही विचारला आहे. आम्ही आधी तिचा निकाहनामा काढला. मग दागिन्यांची यादी केली, कुठला माहेरचा, कुठला सासरचा, फोटोवरून. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे अर्ज दिला. परदेशात नोटीस बजावायला फार वेळ गेला, तारखा पडत राहिल्या, तरी शेवटी पोटगीचा हुकूम झाला आणि दागिने परत आले. तो तलाक तर कायद्याने झालाच नव्हता. ते कळल्यावर तिने खुला, म्हणजे बाईने मागून घ्यायची फारकत, मागितला, स्वतःहून. त्या दिवशी तिने कागदावर सही केली ती आधी दोनदा वाचून. मी वाचून दाखवू का विचारलं तर म्हणाली, नको, मला येतं.

अजूनही माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणींना ठाऊक नसतं, की मेहर हे नवऱ्यावरचं कर्ज आहे. तो वारला तर वारसांच्या वाटणीआधी ते फिटायला हवं, आणि त्याची मिळकत रीतसर तिच्या ताब्यात असेल तर मेहर मिळेपर्यंत विधवेला तो ताबा ठेवता येतो. त्यांना ठाऊक नसतं की निकाहनाम्यात अटी घालता येतात. दुसरं लग्न केलंस तर मला स्वतःला तलाक घेण्याचा अधिकार, अशीही अट शरीयतला धरून लिहिता येते. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने असा नमुना निकाहनामाच तयार केला आहे. त्यांना ठाऊक नसतं की १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. नाव सांगायला लाज वाटत असेल तर आधी १५१०० हा नंबर फिरवून नुसतं विचारता येतं. आणि त्यांना हे अजिबात ठाऊक नसतं, की हक्कसोडीवर सही न करणं हा गुन्हा नाही आणि उद्धटपणाही नाही.

ठाऊक नसतं, कारण अजून आपल्याकडे कागद म्हणजे पुरुषांचं काम. मामा वाचतात, मुतवल्ली वाचतात, वकील वाचतात आणि बाईला 'इथे सही कर' एवढं सांगतात. आता अंगठ्याच्या जागी सही आली, आणि आपण समजलो की काम झालं.

पुढच्या गावपळणीला पेटी माझ्या काखेत असेल. खालाचा निकाहनामा आहेच. त्याच्याबरोबर घरातल्या सगळ्या मुलींच्या निकाहनाम्यांच्या प्रती आहेत, आमच्या वाटेच्या जमिनीचे सातबारे आहेत आणि प्रत्येकाला जोडलेला एकेक मराठी कागद, ज्यात मूळ मजकूर सोप्या शब्दांत लिहिला आहे.

तुमच्या घरी लेकीचा निकाह ठरला असेल, तर मांडवाआधी एक करा. काजींना विनंती करा, की मेहराची ओळ नवरीला तिच्या बोलीत वाचून दाखवा आणि रक्कम कधी द्यायची ते स्पष्ट लिहा. बहुतेक काजी नाही म्हणत नाहीत, कारण आजवर त्यांना कोणी विचारलेलंच नसतं. कागदाची एक प्रत मुलीच्या हाती द्या, सासऱ्यांच्या नव्हे. ती ओळ वाचायला अर्धं मिनिट लागतं. खालासाठी ती निकाहानंतर ३७ वर्षांनी वाचली गेली.